न उघडलेलं खातं

गणपतीत घरी गेलं की एक प्रश्न ठरलेला. आरती होते, खिरापत वाटून होते, आतल्या खोलीत मुलांचा दंगा सुरू होतो आणि काका चष्मा पुसत पुसत विचारतात, "ते सगळं ठीक आहे गं, पण तू दिवसभर नक्की करतेस काय?"

दर वर्षी मी वेगळं उत्तर देऊन पाहते. एका वर्षी "औषधांवर संशोधन" म्हटलं तर मावशीने गुडघेदुखीवर गोळी विचारली. पुढच्या वर्षी "कॉम्प्युटरवरचं काम" म्हटलं तर शेजाऱ्यांचा प्रिंटर बघायला जावं लागलं. :) यंदा ठरवलं, खरं काय ते सांगायचंच. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. समोर बसून त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, तुमचा तो रेणू आपणहून हलत नाही म्हणून तुम्ही त्याला ढकलता. आणि मग तो गेला बघा, म्हणून निकाल लावता. ही चीटिंग झाली की!"

सगळे हसले. मीही हसले. अर्धं उत्तर मी तिथेच दिलं आणि काकांना ते पटलंही. उरलेलं अर्धं देताना मात्र जीभ अडखळली. कारण त्यात माझी स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती मी आजवर घरी कोणाला सांगितलेली नाही. ती इथे लिहिते. काका वाचतीलच.

आधी मी करते काय ते. प्रथिनं, पाणी, औषधं हे सगळं अणूंचं बनलेलं. प्रत्येक अणूवर आजूबाजूच्या अणूंचा किती जोर पडतो हे मोजायचं, न्यूटनच्या नियमाने तो कुठे सरकेल ते काढायचं, सरकवायचं, पुन्हा जोर मोजायचा. बस, एवढंच, पण अब्जावधी वेळा. याला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 साली अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत 864 अणूंचा द्रवरूप आरगॉन असाच संगणकावर हलवून दाखवला. (प्रयोगशाळा अरगॉन आणि वायू आरगॉन, हा निव्वळ योगायोग!) पुढे 1977 साली मॅककॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी एका छोट्या प्रथिनाला संगणकावर हलवलं. किती वेळ? साधारण 9 पिकोसेकंद. पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा.

इथेच सगळी गोम आहे. अणू इतके भराभर थरथरतात, की एका पावलात फार पुढे जाता येत नाही. आपलं एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं. एक मायक्रोसेकंद गाठायचा तर 50 कोटी पावलं. आणि एक पूर्ण सेकंद? एका पावलाला संगणकाला एक मिलिसेकंद लागतो असं धरलं (आजच्या चांगल्या मशीनवर लाखभर अणूंसाठी साधारण एवढा लागतो), तर जवळजवळ 16 हजार वर्षं. आणि औषधाचा रेणू प्रथिनाला चिकटला की काही वेळा मिनिटंच्या मिनिटं, तासन् तास सुटत नाही. तो सुटण्याची वाट बघत बसलं तर पीएचडी सोडा, संस्कृती संपेल!

बरं, या 16 हजार वर्षांत रेणू सतत काही नवीन करत असतो असंही नाही. बहुतेक वेळ तो एकाच जागी नुसता थरथरत बसतो. सह्याद्रीची कल्पना करा. तुम्ही कोकणातल्या एका खोऱ्यात आहात, डोळ्यांवर पट्टी आहे आणि तुम्ही इकडेतिकडे भटकताय. देशावर जायचं तर खिंड चढून जायला हवी. भटकता भटकता चुकून कधीतरी खिंडीत पोचालही, पण कधी? खिंडीची उंची थोडी वाढली की वाट बघण्याचा वेळ थोडा वाढत नाही, पटींनी वाढतो. नेहमीच्या तपमानाला साधारण 1.4 किलोकॅलरी प्रति मोल इतकी उंची वाढली की वेळ दहापट. अशा चार पायऱ्या वाढल्या की दहा हजार पट.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. सॅम्पलिंग म्हणजे तेच. पण शितं सगळी वरचीच घेतली आणि खाली भात करपला असेल तर? आमचं नेमकं तेच होतं. सिम्युलेशन एका खोऱ्यातली लाखो शितं तपासतं आणि पलीकडच्या खोऱ्यात काय आहे याचा त्याला पत्ताही नसतो.

यावर एक उपाय म्हणजे मोठं पातेलं आणि मोठी शेगडी. काहींनी खास याच कामासाठी यंत्रं बांधली. डी. ई. शॉ रिसर्चच्या अँटन नावाच्या यंत्रावर 2010 साली एका छोट्या प्रथिनाचा पूर्ण एक मिलिसेकंद पाहून झाला. 2020 साली करोनाच्या पहिल्या लाटेत जगभरातल्या लोकांनी घरचे संगणक फोल्डिंग-अ‍ॅट-होमला जोडले. आमचा मामेभाऊ गेम खेळायची मशीन रात्रभर चालू ठेवायचा आणि मामी वीजबिलावरून ओरडायची. त्या सगळ्यांनी मिळून विषाणूच्या प्रथिनांचा एकूण एक दशांश सेकंद जमवला. अवघा एक दशांश सेकंद! आणि तिथेसुद्धा विषाणूचा काटा कसा उघडतो हे पाहायला नुसती मशीनं पुरली नाहीत. आतापर्यंत दिसलेल्यांपैकी कुठल्या टप्प्यावरून पुढची सिम्युलेशनं सोडायची, हे डोकं लावून निवडावं लागलं.

हे डोकं लावणं म्हणजेच एनहान्स्ड सॅम्पलिंग. काकांच्या भाषेत ढकलणं. :)

ढकलण्याचे प्रकार बरेच आहेत. मी तीन सांगते.

पहिला, अंब्रेला सॅम्पलिंग. टोरी आणि व्हॅलो यांनी टोरांटोत 1977 साली मांडला. आज तो बहुतेक जण असा वापरतात: शेळीला दाव्याने खुंट्याला बांधतो ना, तसं रेणूला एका ठिकाणी बांधायचं. दाव्याच्या लांबीइतकं तो आजूबाजूला फिरतो, तेवढा भाग नीट चरून होतो. मग खुंटा थोडा पुढे ठोकायचा. मग आणखी पुढे, थेट खिंडीतसुद्धा. एकच अट, शेजारच्या दोन खुंट्यांची चरायची जागा एकमेकींवर थोडी यायला हवी. तरच तुकडे जोडून पूर्ण नकाशा तयार होतो.

दुसरा, रेप्लिका एक्सचेंज. पायलीत धान्य भरताना आजी ती हलवायची, आठवतंय? हलवलं की अडकलेले दाणे मोकळे होऊन नीट बसतात. तसं एकाच रेणूच्या अनेक प्रती वेगवेगळ्या तपमानांवर चालवायच्या. गरम प्रती खिंडी सहज ओलांडतात, थंड प्रती खोऱ्यात नीट बसतात, आणि अधूनमधून त्यांनी आपसात जागा बदलायच्या. केव्हा बदलायच्या याचा नियम कडक आहे, 1953 सालच्या मेट्रोपोलिस पद्धतीतून आलेला. तो पाळला तर प्रत्येक तपमानाचा हिशेब शुद्ध राहतो. प्रथिनांच्या सिम्युलेशनसाठी ही पद्धत सुगिता आणि ओकामोतो यांनी 1999 साली आणली.

तिसरा, आणि माझा लाडका, मेटाडायनॅमिक्स. लायो आणि परिनेल्लो, साल 2002. रेणू जिथे जिथे जाईल तिथे तिथे मातीची एक पाटी ओतायची. खोऱ्यात फिरतोय? ओत पाटी. पुन्हा तिथेच? आणखी एक. हळूहळू खोरं भरत येतं. भाताचं खाचर पावसात भरून बांधावरून पाणी पलीकडे पडतं, तसा एक दिवस रेणू खिंडीवरून पलीकडे उतरतो. मग तिथेही पाट्या. शेवटी सगळा मुलूख सपाट होतो आणि रेणू कुठेही बिनधास्त फिरतो.

आता काकांचा आक्षेप. ही चीटिंग का नाही?

कारण प्रत्येक पाटी लिहून ठेवलेली असते. कुठे ओतली, केव्हा ओतली, केवढी ओतली. मुलूख सपाट झाला की ती वही उघडायची. जिथे सगळ्यात जास्त माती लागली ते खोरं सगळ्यात खोल, जिथे जेमतेम लागली ती खिंड. मातीचा हिशेब उलटा करून ठेवला की मूळ जमिनीचा नकाशा हातात. अंब्रेलामध्येही तेच. दावं किती ताणलं होतं हे माहीत असतं, ते नंतर वजा करता येतं. ढकललं हे लपवायचं नाही, उलट पै-पै मांडायची आणि शेवटी वजा करायची.

हे ऐकल्यावर काका खूष. म्हणाले, "मग ठीक आहे. उचल घेतली आणि वहीत दाखवली तर ती चोरी नाही. आमच्याकडेही तसंच."

आणि मग लगेच, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "पण जे खातंच उघडलं नाही, त्याचं काय करता?"

इथे मी गप्प झाले.

काकांना कल्पनाही नसेल, पण त्यांनी आमच्या सगळ्या विषयाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. लाखभर अणू, म्हणजे तीन लाख दिशा. प्रत्येक दिशेने माती ओतता येत नाही. म्हणून दोन-तीन मोजमापं निवडायची आणि फक्त त्यांचीच वही ठेवायची. आम्ही त्यांना कलेक्टिव्ह व्हेरिएबल म्हणतो. औषध प्रथिनापासून किती लांब, हे एक मोजमाप. अमुक कोन किती वळला, हे दुसरं. ही निवड माणूस करतो. आणि रेणूला खरा अडथळा भलत्याच दिशेला असेल, तर वही कितीही स्वच्छ ठेवा, नकाशा चुकणार. नुसता चुकणार नाही, सुबक दिसून चुकणार.

आमच्यात नव्या मुलांना अ‍ॅलानीन डायपेप्टाइड नावाचा इवलासा रेणू देतात. त्याला फाय आणि साय असे दोन कोन. खरी उंच खिंड फायच्या दिशेने. मुद्दाम सांगतात, आता फक्त सायच्या दिशेने माती ओतून बघा. पोरं ओततात, ग्राफ येतो, छान दिसतो. थोड्या वेळाने पुन्हा काढतात तर वेगळाच. आणखी थोड्या वेळाने तिसराच. 22 अणूंच्या रेणूत ही तऱ्हा, तर प्रथिनात काय होत असेल!

हा धडा मीही गिरवला होता. पूर्ण मार्क मिळवून. तरीही...

तर ती गोष्ट. काही वर्षं झाली आता. मी तेव्हा एका प्रथिनाच्या खळग्यात बसणाऱ्या दोन रेणूंची तुलना करत होते. एक जुना, माहितीतला. दुसरा नवीन, अजून कोणी बनवलेलाच नाही, फक्त कागदावर. प्रश्न असा की नवीन जास्त घट्ट बसेल का? मी औषधाचं खळग्यापासूनचं अंतर हे मोजमाप घेतलं, माती ओतली, रेणू बाहेर काढला. नव्या रेणूचं खोरं 13 किलोकॅलरी खोल आलं, जुन्यापेक्षा कितीतरी जास्त. ग्राफ इतका देखणा होता की मी तो डेस्कटॉपवर लावला होता. (हसू नका.)

एक गोष्ट मात्र मी केली नव्हती. रेणू बाहेरून आत परत घालून पाहिला नव्हता. घाट चढताना मोजा नाहीतर उतरताना मोजा, उंची तीच यायला हवी ना? ही साधी तपासणी. मला माहीत होती. करायची असं ठरवलंही होतं. पण क्लस्टरवर क्यू लांबच लांब, माझ्या वाट्याचा वेळ संपत आलेला, दोनदा जॉब मधेच उडाला, आणि चार दिवसांवर मीटिंग. म्हटलं, मीटिंगनंतर करू.

मीटिंगमध्ये सगळ्यांना ग्राफ आवडला. सरांनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. पलीकडच्या लॅबमधली माझी मैत्रीण सिंथेसिस करायची. ती म्हणाली, "मी बनवते." आणि तिने खरंच बनवायला घेतला. अकरा टप्पे. सातव्या टप्प्यावर माल हाताला लागेना, कॉलमवर कॉलम लावले, फ्यूम हूडसमोर उभं राहून राहून तिचे पाय सुजायचे. रात्री आम्ही दोघी कँटीनमध्ये गारढोण पोहे खायचो आणि ती म्हणायची, "तुझा ग्राफ खोटा निघाला ना, तर बघ!" दोघी हसायचो. माझ्या हसण्यात थोडी खोट होती, हे आज लिहिते. दर वेळी मनात यायचं, परतीचा प्रवास राहिलाय. मग वाटायचं, निघेल बरोबर. आता काय सांगायचं?

चार महिन्यांनी रेणू तयार झाला. मोजला. जुन्यापेक्षा सैल बसत होता.

त्या रात्री मी परतीचं सिम्युलेशन लावलं. जायला 13 लागले होते, यायला 8 निघाले. पाच किलोकॅलरींचा फरक म्हणजे घट्टपणात साडेचार हजार पटींहून जास्त गफलत. आठवडाभर ट्रॅजेक्टरी पाहत बसल्यावर कारण दिसलं. औषध बाहेर निघतं तेव्हा त्याच्या जागी पाण्याचे रेणू खळग्यात शिरायला हवेत आणि तोंडाशी असलेली एक साखळी वळायला हवी. दोन्ही गोष्टी संथ. मी औषध ओढून काढलं, पण पाण्याला आत यायला वेळच दिला नाही. मागे राहिला कोरडा, रिकामा, अवघडलेला खळगा, आणि त्याची किंमत माझ्या ग्राफने औषधाच्या नावावर मांडली. पाण्याचं खातं मी उघडलंच नव्हतं.

पाण्याची ही चलाखी मला एकटीलाच भेटली असं नाही. ट्रिप्सिन आणि बेंझामिडिन ही आमच्या क्षेत्रातली जुनी, वर्षानुवर्षं घासलेली जोडी. परिनेल्लोंच्या गटाने 2022 साली दाखवलं की बेंझामिडिन किती वेळ चिकटून राहतं यात पाण्याच्या रेणूंचा मोठा हात आहे. म्हणजे माझी चूक मूर्खपणाची नव्हती, असं स्वतःला सांगता येतं. मी बरेच दिवस तसं सांगितलंही.

पण मैत्रिणीने जे विचारलं त्याला हे उत्तर होत नाही. ती चिडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तुला तेव्हाच खात्री नव्हती ना? मग बोलली का नाहीस? मी कदाचित तरीही बनवला असता. पण मला माहीत असतं."

मला माहीत असतं. या तीन शब्दांवर मी कितीतरी दिवस विचार करतेय आणि माझं मत त्यातूनच बनलं आहे. ते आता सरळ मांडते.

ढकलणं चूक नाही. ढकलल्याशिवाय आमच्या क्षेत्रात पुढे जाताच येत नाही, आणि वजाबाकी शुद्ध असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोजमाप चुकीचं निवडलं जाणं हाही गुन्हा नाही. तीन लाख दिशांपैकी दोन निवडताना माणूस चुकणारच. चूक आहे ती "हे अजून पक्कं नाही" हे न सांगण्यात. ज्याने परतीचा प्रवास केला नाही त्याने ग्राफ दाखवू नये असं मी म्हणत नाही. दाखवावा, पण त्याच ग्राफखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहावं: एकाच दिशेने, एकदाच, परत तपासलेलं नाही. आणि ऐकणाऱ्यांनी त्याला कमी मार्क देऊ नयेत.

हे दुसरं जास्त कठीण आहे. मी गप्प का राहिले याचा खूप विचार केला. मला फसवायचं नव्हतं. मला भीती होती, की "माहीत नाही" म्हटलं तर पुढच्या वेळी क्लस्टरवर वेळ मागताना, पेपर पाठवताना, नोकरी शोधताना ते आडवं येईल. सुबक ग्राफ टाळ्या घेतो आणि हललेला, दर वेळी वेगळा येणारा ग्राफ म्हणजे अपयश, हे कोणी शिकवत नाही, पण सगळे शिकतात. खरं तर दोन वेगवेगळे ग्राफ म्हणजे रेणूने दिलेला निरोप असतो, बाई, तू एक खातं विसरलीस. माझ्या हातात तो निरोप चार महिने आधी येऊ शकला असता.

"पण पेपर तपासणारे असतात की," असं कोणी म्हणेल. असतात. पण त्यांच्यासमोर येतो शेवटचा ग्राफ. पाट्या कुठे आणि कशा ओतल्या याच्या फायली बरेचदा लेखकाच्याच मशीनवर राहतात. प्लुमेड हे या कामाचं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांनी मिळून 2019 साली प्लुमेड-नेस्ट नावाचं एक सार्वजनिक कोठार सुरू केलं. त्यात आपल्या सिम्युलेशनच्या फायली ठेवायच्या, म्हणजे कोणालाही उघडून बघता येतं की यांनी कुठली खाती उघडली होती. मला हे फार मोलाचं वाटतं. वही नुसती ठेवून उपयोग नाही, ती दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. काका, तुमच्या बँकेत ऑडिटर यायचे ना, तसं.

आता मामेभावाचा मुद्दा. त्याने परवा विचारलं, "ताई, 2024 चं नोबेल तर अल्फाफोल्डवाल्यांना मिळालं ना? एआय एका झटक्यात प्रथिनाचा आकार सांगतं. मग तुमचं ढकलणं हवंय कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण अल्फाफोल्ड सांगतं ते मुख्यतः प्रथिनाचा ठरलेला आकार, म्हणजे एक फोटो. कुठल्या आकारात ते किती वेळ असतं, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला किती चढ आहे, हे फोटोत येत नाही, आणि औषधाचं घट्ट बसणं-सुटणं सगळं त्यातच आहे. एआय इकडेही येतंय, नाही असं नाही. नोए आणि सहकाऱ्यांनी 2019 साली बोल्ट्झमन जनरेटर दाखवले, ते तर खिंड न चढता थेट वेगवेगळ्या खोऱ्यांतली चित्रं काढून देतात. त्यांची गंमत मला यात वाटते, की त्यांनीही प्रत्येक चित्राला वजन लावून हिशेब चुकता करायची सोय ठेवली. नवीन माणसांनीही जुनी वही सोडली नाही. आणि न उघडलेल्या खात्याचा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. जी खोरी यंत्राला कधी दाखवलीच गेली नाहीत, ती त्याला सुचणार कुठून? उलट यंत्राने दिलेलं चित्र जास्त देखणं, म्हणून शंका घ्यायला जास्त जड. माझा डेस्कटॉपवरचा ग्राफ आठवतो मला अशा वेळी.

मैत्रीण आता दुसऱ्या शहरात आहे, तिच्याच कामात आहे आणि बरी आहे. आमचं बोलणं असतं. तो रेणू वाया गेला असं ती मानत नाही. सातव्या टप्प्यावर शोधलेली युक्ती तिला पुढे दुसरीकडे उपयोगी पडली म्हणते. हे ती खरंच म्हणते की माझ्यासाठी म्हणते, मला ठरवता आलेलं नाही.

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. माझ्या हाताखाली आता दोन मुलं काम करतात. दर सोमवारी ती ग्राफ घेऊन येतात. मी आधी ग्राफ बघत नाही. आधी विचारते, "परत येऊन पाहिलंस का?" आणि "नाही" असं उत्तर आलं तर रागवत नाही. "बरं, मग तसं लिही खाली," म्हणते. पहिल्या वेळी त्यातली एक मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला परीक्षेत उत्तर येत नाही असं लिहायला सांगतेय. आता ती स्वतःहून लिहून आणते. मागच्या महिन्यात तिने दोन न जुळणारे ग्राफ शेजारी शेजारी लावून दाखवले आणि म्हणाली, "मॅडम, काहीतरी राहिलंय, पण काय ते कळत नाहीये." त्या दिवशी मी तिला चहा पाजला.

असो. बराच मोठा झाला लेख. काका, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे असं आहे. जे खातं उघडलंच नाही त्याचं आम्ही काही करू शकत नाही. फक्त दोन्ही बाजूंनी बेरीज करून बघू शकतो, आणि जुळली नाही तर तसं सांगू शकतो.

ता. क. मावशी, गुडघ्याची गोळी अजून माझ्याकडे नाही. :)